दोरा उलटा फिरतो तेव्हा

भंडारा जिल्ह्यातले लाखनी हे मुंबई–कोलकाता महामार्गावरचे तालुक्याचे गाव. भोवती धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव. ईशान्येला, गोंदियाजवळ, बिरसीची धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीवरून आज शिकाऊ वैमानिकांची डायमंड डीए-४० ही छोटी विमाने उडतात. त्यांच्या पंखावरून वाहणारी हवा कुणाला दिसत नाही. ती पंखाची पाठ सोडते तो क्षणही दिसत नाही, आणि त्याच क्षणाला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. हवा डोळ्यांना दिसावी म्हणून पंखावर लोकरीचे दोरे चिकटवण्याची युक्ती जवळपास शंभर वर्षांची आहे. आजच्या वैमानिकाला तिचा उपयोग किती, यावर दोन प्रामाणिक मते आहेत. ती मांडण्यासाठी हा संवाद. एका बाजूला लाखनीत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेले मामाजी, दुसऱ्या बाजूला बिरसीला उड्डाण शिकणारी त्यांची भाची. ही दोन माणसे कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातली विमाने, वर्षे आणि आकडे मात्र खरे आहेत, आणि मतभेदही खरा आहे.

मामाजी : बेटा, स्टॉल म्हणजे काय ते मला एका दमात सांग बरं.

भाची : पंख समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करतो त्याला आम्ही अँगल ऑफ अटॅक म्हणतो. तो एका मर्यादेपलीकडे गेला की पंखाच्या पाठीवरचा प्रवाह सुटतो, विमान उचलणारी लिफ्ट घटते, मागे ओढणारा ड्रॅग वाढतो. छोट्या विमानांच्या पंखांना ही मर्यादा साधारण पंधरा-सोळा अंशांची.

मामाजी : छान. यात तू वेगाचं नावसुद्धा घेतलं नाहीस. मग विमानात बसल्यावर तुझी नजर वेगाच्या काट्यावर का असते?

भाची : कारण काटा दिसतो, कोन दिसत नाही. एअरस्पीड इंडिकेटरवर हिरवा पट्टा जिथं सुरू होतो, तो स्टॉलचा वेग. डीए-४० ला तो पन्नास नॉटच्या आसपास. उतरताना त्यापेक्षा पुरेसा जास्त वेग राखला की सुरक्षित. हवेत तत्त्वज्ञान करायला वेळ नसतो, मामाजी. हाताशी जे आहे तेच वापरावं लागतं.

मामाजी : पण तो पन्नास नॉट कुठल्या परिस्थितीतला? सरळ उडणाऱ्या, ठरलेल्या वजनाच्या विमानाचा. पंचेचाळीस अंश कलून वळण घेतलंस तर?

भाची : पंखावरचा भार १.४१ पट होतो. स्टॉलचा वेग त्याच्या वर्गमुळानं वाढतो, म्हणजे सुमारे एकोणीस टक्के. पन्नासचे साठ नॉट होतात. साठ अंश कललं तर भार दुप्पट, आणि पन्नासचे सत्तर. हे आम्हाला तोंडपाठ असतं.

मामाजी : म्हणजे वेग पन्नास, साठ, सत्तर असा बदलत गेला. कोन?

भाची : कोन तोच.

मामाजी : माझं म्हणणं एवढंच आहे. पंखाला वेग कळत नाही, त्याला फक्त कोन कळतो. वेगाचा आकडा ही त्या कोनाची सावली आहे, आणि ऊन फिरलं की सावली लहान-मोठी होते. शिकणाऱ्याला आधी मूळ वस्तू दाखवावी, मग सावली. मूळ वस्तू दाखवायचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पंखावर चिकटवलेला दोरा.

भाची : मी त्या दोऱ्यांच्या फिल्म पाहिल्या आहेत. पाहायला सुंदर असतात. पण त्या मला चांगली वैमानिक करतील, हे मला पटत नाही. आधी तुम्हीच सांगा, त्यात नेमकं काय दिसतं?

मामाजी : बोटाएवढे लोकरीचे तुकडे पंखाच्या पाठीवर ओळीनं लावायचे. प्रत्येकाचं पुढचं टोक चिकटपट्टीनं बांधलेलं, मागचं मोकळं. पांढऱ्या पंखावर गडद लोकर. ब्रिटनमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस हॅस्लम या संशोधकानं ही रीत प्रत्यक्ष उडणाऱ्या विमानावर वापरली आणि तिच्यावर अहवाल लिहिला. केंब्रिजला मेल्विल जोन्स यांच्याभोवती जो गट होता, त्यानं स्टॉलचा अभ्यास पुढे नेला. सरळ उडताना सगळे दोरे मागच्या कडेकडे गप पडून असतात. नाक हळूहळू वर घेतलं की मागच्या कडेचे दोरे थरथरू लागतात. आणखी वर घेतलं की त्यातले काही उठतात, गरगरतात, आणि मग त्यांची टोकं पुढच्या कडेकडे वळतात.

भाची : विमान पुढे चाललंय आणि दोरा पुढे बघतोय.

मामाजी : हो! तिथं हवा खरोखरच उलटी, मागून पुढे वाहत असते. पंखाच्या पाठीवर पुढच्या भागात दाब सर्वांत कमी असतो आणि मागच्या कडेकडे तो पुन्हा वाढत जातो. पृष्ठभागाला लागून जी पातळ हवा सरकते, तिचा जोर घर्षणानं आधीच कमी झालेला असतो. तिला या वाढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं. कोन वाढला की दाबाची ही वाढ अधिक तीव्र होते. एका ठिकाणी ती हवा थांबते, माघारी वळते, आणि वरच्या प्रवाहाला पंखापासून दूर ढकलते. लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत हा पातळ थर आणि त्याचं सुटणं समजावलं. त्यासाठी त्यांनी काय वापरलं होतं माहीत आहे? हातानं फिरवायचं चाक लावलेला पाण्याचा पाट. पाण्यात अभ्रकासारखे चमकते कण सोडायचे आणि प्रवाह डोळ्यांनी बघायचा. त्या काळी समीकरणं सुटत नव्हती, म्हणून त्यांनी आधी पाहिलं आणि मग समीकरण सोपं केलं.

भाची : प्रांटल यांच्या हाताखाली आपला एक माणूस शिकला होता ना?

मामाजी : डॉक्टर विष्णू माधव घाटगे. १९०८ साली कोल्हापूरकडच्या हासूरचंपू गावी जन्मले, जर्मनीत गोटिंगेनला प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली. परत येऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानशास्त्र शिकवलं, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे शिकाऊ विमान रेखलं. १९५१च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडालं. भारतात रेखलेलं आणि कारखान्यातून ओळीनं बाहेर पडलेलं ते पहिलं इंजिनाचं विमान. हवाई दलातल्या कित्येकांनी आयुष्यातला पहिला स्टॉल त्याच विमानात अनुभवला असणार. शिकाऊ विमान रेखणाऱ्याला सर्वांत जास्त विचार याच गोष्टीचा करावा लागतो. तरबेज वैमानिक स्टॉलपासून दूर राहतो, पण शिकणाऱ्याला त्यात मुद्दाम शिरायचं असतं आणि सुखरूप बाहेर यायचं असतं.

भाची : इथं मी तुमच्याशी सहमत आहे. दोरा विमान रेखणाऱ्याच्या कामाचा आहे. पंख कुठून सुटायला लागतो, हे त्याला ठरवायचं असतं. आयताकृती पंखात प्रवाह आधी मुळाशी, म्हणजे धडाजवळ सुटतो आणि मग टोकाकडे पसरतो. टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पंखात टोक आधी सुटण्याचा धोका असतो, आणि विमान कलवणारे एलेरॉन टोकालाच असतात. ते निकामी झाले की विमान एका बाजूला पडतं. म्हणून पंखाला पीळ देतात. सेसना १७२ च्या पंखाचं टोक मुळाच्या मानानं तीन अंश खाली वळवलेलं असतं, त्यामुळे मूळ आधी सुटतं आणि टोक बराच वेळ तग धरतं. काही विमानांत मुळाजवळ पुढच्या कडेला छोटी त्रिकोणी पट्टी बसवतात, तीसुद्धा प्रवाह तिथं मुद्दाम लवकर सुटावा म्हणून. हे सगळं इंजिनीअरनं दोरे लावून तपासावं. पण मी इंजिनीअर नाही.

मामाजी : तू त्याच पंखावर बसून उडतेस.

भाची : उडते, आणि तो पंख मला स्वतःच सांगतो. आम्ही पुरेशा उंचीवर जातो, आजूबाजूला विमान नाही हे पाहतो, पॉवर कमी करतो आणि उंची टिकवण्यासाठी काठी हळूहळू मागे घेतो. नियंत्रणं ढिली पडतात, वाऱ्याचा आवाज कमी होतो. मग हॉर्न वाजतो. मग थरथर, बफे. मुळाशी सुटलेली हवा मागे शेपटावर आपटते, तिचा धक्का काठीत आणि पाठीत जाणवतो. तुमचे दोरे जे डोळ्यांना दाखवतात ते मला हाताला कळतं, आणि हात डोळ्यापेक्षा लवकर शिकतो. उतरताना माझी नजर धावपट्टीवर हवी. त्या वेळी पंखावरचे दोरे बघत बसले तर मी जमिनीवर आदळेन.

मामाजी : हवेत दोरा कुणी बघत नाही, असं म्हणू नकोस. पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथल्या ग्लायडरच्या पुढच्या काचेवर काय असतं?

भाची : लोकरीचा दोरा. यॉ स्ट्रिंग. विमान तिरकं सरकतंय का, ते तो सांगतो. राइट बंधूंनीही त्यांच्या ग्लायडरवर असाच दोरा लावला होता.

मामाजी : आणि ग्लायडरचा वैमानिक उड्डाणभर त्याच्याकडे बघतो. कारण तो दोरा त्याच्या नजरेच्या वाटेत आहे. तेव्हा दोष दोऱ्याचा नाही, जागेचा आहे.

भाची : ठीक, ते मान्य. पण पंखावरच्या दोऱ्यांना जागेची अडचण राहणारच. माझ्या डीए-४० चा पंख खाली आहे, त्याची पाठ निदान खिडकीतून दिसते. नागपूर फ्लाइंग क्लबच्या सेसना विमानांचा पंख डोक्यावर असतो. त्याची पाठ पाहायला शेपटावर कॅमेरा लावावा लागेल. शिवाय प्रमाणित विमानावर आपल्या मनानं काहीही चिकटवता येत नाही, रीतसर परवानगी लागते. आणि दोरा स्वतः प्रवाहात ढवळाढवळ करतो. पुढच्या कडेजवळ चिकटपट्टीची जाडीसुद्धा तो पातळ थर बिघडवते. म्हणजे तुम्ही जे पाहता ते दोरे लावलेल्या पंखाचं वागणं असतं. कोऱ्या पंखाचं वागणं थोडं निराळं असू शकतं.

मामाजी : बरोबर आहे. म्हणून पुढच्या कडेचा भाग मोकळा ठेवतात आणि दोरा बारीक घेतात. अंश-दोन अंशांचा फरक पडेल. पण प्रवाह आधी कुठं सुटतो आणि कुठल्या दिशेनं पसरतो, तो क्रम दोऱ्यानं बदलत नाही. मला शिकवायला क्रम हवा, दशांश नको.

भाची : मग मी तुम्हाला दोऱ्यापेक्षा चांगलं साधन देते. संगणक. पंखाभोवतीची हवा लाखो खणांत वाटायची आणि प्रत्येक खणात प्रवाहाचं समीकरण सोडवायचं. पृष्ठभागावरचा दाब, थराची जाडी, सुटण्याची रेषा, सगळं रंगांत दिसतं. काहीही चिकटवायला नको, परवानगी नको, कोणाचा जीव धोक्यात नको. पुण्याच्या सी-डॅकनं विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा असं गणित मोठ्या संस्थांपुरतं होतं. आज विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर एखाद्या पंखाच्या छेदाचं गणित एका संध्याकाळी करतो. घाटगे यांच्या पिढीला हे मिळालं असतं तर त्यांनी नाकारलं असतं का?

मामाजी : मुळीच नसतं. पण एक विचारतो. या गणितांचा भरवसा सर्वांत कमी कुठं असतो?

भाची : प्रवाह सुटल्यानंतर. जोवर हवा पंखाला धरून आहे तोवर आकडे फार चांगले येतात. स्टॉलच्या जवळ खळबळीचं जे मॉडेल निवडलं त्यानुसार उत्तर बदलतं. एका मॉडेलला पंख चौदा अंशांवर सुटतो, दुसऱ्याला सतरावर. जास्तीत जास्त लिफ्टचं हे गणित किती अवघड आहे, हे तपासायला अमेरिकेत २०१० पासून खास कार्यशाळा होतात. जगभरच्या संस्था एकच पंख घेऊन आपापली उत्तरं मांडतात आणि विंड टनेलच्या मोजमापाशी ताडून पाहतात.

मामाजी : म्हणजे जिथं तुला सर्वांत जास्त गरज, तिथंच गणिताला साक्षीदार लागतो. तो साक्षीदार विंड टनेलमधलं मोजमाप असेल, पंखावर लावलेलं तेल असेल, धूर असेल किंवा दोरा असेल. रंगीत चित्रात एक धोका आहे, बेटा. ते चुकलेलं असलं तरी तेवढंच सुबक दिसतं. दोऱ्याला मॉडेल निवडता येत नाही. त्याच्यावरून जी हवा जाते तिच्याप्रमाणे तो वळतो.

भाची : दोराही फसवतो. तुम्ही शाळेत पंख्यासमोर थर्माकोलचा पंख धरून मुलांना दोरे दाखवायचात. त्या पंखाची रुंदी वीस सेंटिमीटर, वारा सेकंदाला चार मीटर. या दोहोंवरून ठरणारी रेनॉल्ड्स संख्या काढली तर पन्नास हजारांच्या जवळपास येते. माझं विमान स्टॉलच्या वेगानं उडताना ती वीस लाखांच्या आसपास असते. लहान संख्येला तो थर अशक्त असतो, प्रवाह लवकर सुटतो, कधी सुटून पुन्हा चिकटतो. तुमच्या मुलांनी दहा अंशांवर दोरा उलटलेला पाहिला आणि तोच आकडा डोक्यात घेऊन ती विमानात बसली, तर?

मामाजी : म्हणून तो आकडा मी फळ्यावर कधी लिहिला नाही. मुलांना करायला लावायचो ते असं. आधी पंख्यासमोर शीतपेयाच्या नळ्यांचा गठ्ठा बांधायचा, कारण पंख्याची हवा गरगरत येते, नळ्यांतून गेली की बरीच सरळ होते. मग पंखाचा कोन तसाच ठेवून पंख्याचा वेग कमी-जास्त करायचा. दोरे जोरात किंवा हळू फडफडतात, पण उलटत नाहीत. मग वेग तसाच ठेवून कोन वाढवायचा. दोरे उलटतात. मग कोन कमी करायचा. दोरे पुन्हा पडतात. तीन कृती. सुटलेली हवा परत आणायचा उपाय म्हणजे कोन कमी करणं, हे त्या तिसऱ्या कृतीत मुलाच्या हातून घडतं. रेनॉल्ड्स संख्येनं आकडा बदलेल, पण उपाय बदलेल का?

भाची : नाही. उपाय तोच. काठी पुढे, कोन कमी.

मामाजी : आणि हे बघायला पंखाही लागत नाही. आपल्या तलावावर उतरणारा बगळा दुर्बिणीतून पाहा. काठावर टेकण्याच्या आधी तो पंख जवळजवळ उभा धरतो, कोन खूप मोठा होतो. त्या क्षणी पंखाच्या पाठीवरची लहान पिसं फुलून उभी राहतात. त्याखालची हवा उलटी फिरलेली असते, तीच त्यांना उचलते. बगळ्याच्या पंखावर दोरे जन्मापासून लावलेले आहेत.

भाची : आणि ती पिसं कामही करतात. मागून पुढे येणाऱ्या उलट्या हवेला अडवतात, त्यामुळे प्रवाह सुटण्याची रेषा पुढे सरकायला वेळ लागतो. जर्मनीत १९९०च्या दशकात संशोधकांनी अशा आपोआप उठणाऱ्या पट्ट्या मोटर-ग्लायडरच्या पंखावर बसवून उडवून पाहिल्या. पंखाच्या पुढच्या बाजूला अंगठ्याची म्हणून काही पिसं असतात, तीही उतरताना पक्षी वेगळी करतो. विमानाच्या पुढच्या कडेच्या स्लॅटचं काम जवळजवळ तेच. एचटी-२ च्या आधीच्या टायगर मॉथ या दुपंखी शिकाऊ विमानाच्या वरच्या पंखाला असे स्लॅट असायचे. पण मामाजी, बगळ्याला स्टॉल कळतो तो पिसं बघून नाही. तो स्वतःच्या पाठीकडे बघत नाही. त्याला कातडीतून कळतं. तुमच्याच उदाहरणातून माझं म्हणणं सिद्ध होतं.

मामाजी : हे मात्र तू नेमकं पकडलंस.

भाची : आणि मी आणखी पुढे जाते. १ जून २००९. एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं उड्डाण, रिओहून पॅरिसला. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला. उडवणाऱ्यानं काठी मागे ओढली. विमान अडतीस हजार फुटांपर्यंत चढलं, स्टॉल झालं, आणि नाक वर ठेवून साडेतीन मिनिटं समुद्राकडे पडत राहिलं. २२८ माणसं गेली. त्या वैमानिकांना स्टॉलची व्याख्या येत नव्हती का? प्रवाह कसा सुटतो याची चित्रं त्यांनी पाहिली नव्हती का? त्यांना सगळं माहीत होतं. हात मात्र उलट गेला. म्हणून मी म्हणते, पाहण्यावर एवढा भर नको. सराव हवा, परत परत, हात चुकणार नाही इतका.

मामाजी : त्याच अपघातातली दुसरी गोष्ट सांगतो. स्टॉलची सूचना वाजत होती. पण मोजलेला वेग साठ नॉटच्या खाली गेला की ती यंत्रणा कोनाची माहिती निकामी समजून सूचना बंद करायची. म्हणजे स्टॉल सर्वांत खोल असताना सूचना गप्प झाली. नाक थोडं खाली घेतलं की वेग वाढायचा आणि सूचना पुन्हा वाजायची. बरोबर कृती केली की धोक्याची घंटा, चूक कृती केली की शांतता. अशा वेळी कशाच्या आधारानं उभं राहायचं? घंटा वेगाशी बांधलेली होती, आकडे विस्कटले होते. मनात जर एकच चित्र पक्कं असतं, की नाक वर आहे, विमान खाली जातंय, म्हणजे हवा खालून येतेय, म्हणजे कोन प्रचंड आहे, म्हणजे पाठीवरचे सगळे दोरे उलटलेले आहेत, तर त्या चित्रानं घंटेला उत्तर दिलं असतं.

भाची : हे मी असं जोडून पाहिलं नव्हतं. नाक कुठं बघतंय आणि विमान कुठं जातंय, यांतला फरक म्हणजे कोन.

मामाजी : तुझा डीए-४० स्टॉल झाल्यावर काय करतो?

भाची : सौम्य विमान आहे. काठी पूर्ण मागे धरली तर बहुतेक वेळा नाक झटकन पडत नाही. ते थरथरत, नाक थोडं वर ठेवून, खाली बसत जातं. हे बोलताना मला जाणवतंय की इथंच शिकणाऱ्याची फसगत होऊ शकते. पुस्तकात स्टॉल म्हणजे नाक पडणं असं चित्र असतं. नाक पडलं नाही की वाटतं, अजून स्टॉल नाही.

मामाजी : पण त्या वेळी पंखावर दोरे असते तर मुळापासून अर्ध्या पंखापर्यंत उलटलेले दिसले असते.

भाची : टोकाचे मात्र सरळ. म्हणून तर एलेरॉन अजून ऐकत असतात. बरं, आता माझा सर्वांत कठीण प्रसंग सांगते. उतरण्याआधीचं शेवटचं वळण. वारा पाठीमागून ढकलतो, आपण धावपट्टीची रेषा ओलांडतो. जमीन जवळ, म्हणून जास्त कलायची भीती वाटते. मग माणूस रडरनं नाक आत ओढतो, नाक खाली जायला लागलं की काठी मागे घेतो. आतला पंख आधी सुटतो, विमान त्या बाजूला उलटून फिरायला लागतं. खाली तीन-चारशे फूट असतात. सावरायला उंची उरत नाही. वेगाचा काटा तेव्हा पन्नासच्या वरच असतो.

मामाजी : या प्रसंगात तुला काय वाचवेल? सराव की चित्र?

भाची : या प्रसंगाचा सराव त्या उंचीवर करताच येत नाही. वर जाऊन करावा लागतो, आणि वर जमीन अंगावर येत नाही, म्हणून भीतीही तशी नसते. तेव्हा इथं आधी चित्र हवं, हे मी मान्य करते. काठी मागे ओढताना आतल्या पंखाचे दोरे वळायला लागले आहेत, हे मनात दिसलं तर माणूस ओढायचं थांबवेल, ते वळण सोडून देईल आणि पुन्हा फेरी मारेल. पण मामाजी, तुम्हीही एक मान्य करा. ते चित्र संकटात आपोआप उगवत नाही. भीतीनं माणसाची दृष्टी अरुंद होते, तेव्हा आधी हात चालतो. चित्र हातात उतरलं नसेल तर त्याचा उपयोग परीक्षेपुरता.

मामाजी : मान्य. मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. वर्गात चूक झाली तर खोडरबर असतं, त्यामुळे समजलं म्हणजे जमलं असं आम्हा शिक्षकांना वाटतं. तुझ्या कामात समजणं आणि जमणं यांत एक सेकंदाचं अंतरही महाग आहे. मग चित्र हातात उतरवायचं कसं?

भाची : एक धागा आहे. हॉर्न. सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. कोन वाढला की हवा जिथं दुभंगते ती जागा खाली सरकते, भोकापाशी दाब कमी होतो, आतली हवा ओढली जाते आणि पेटीतल्या पत्तीसारखी पातळ पत्ती वाजते. ना वीज लागते, ना वेगाचा काटा. उड्डाणापूर्वी तपासणीत तिथं रुमाल धरून तोंडानं हवा ओढून आवाज येतो का ते पाहतात. डीए-४० मध्येही पंखाच्या कडेला तसंच भोक आहे. विद्यार्थ्यांना वाटतं हॉर्न वेग कमी झाल्याचं सांगतो. खरं तर तो कोन सांगतो.

मामाजी : म्हणजे तो ऐकू येणारा दोरा झाला!

भाची : हो. आणि हल्ली कोन दाखवणारी स्वतंत्र यंत्रंही आहेत. अमेरिकेत २०१४ पासून छोट्या विमानांत ती बसवण्याचे नियम सोपे केले आहेत. हिरवा, पिवळा, लाल दिवा. मला ती प्रत्येक शिकाऊ विमानात हवी आहेत.

मामाजी : मलाही. पण दिवा एका ठिकाणचा कोन सांगतो. पंख कुठून सुटतोय, डावा की उजवा, मूळ की टोक, ते सांगत नाही. दोऱ्याची शिकवण दिव्याच्या आधी यावी, म्हणजे लाल दिवा लागला की मनात पूर्ण पंख उभा राहील.

भाची : तर मग मी क्रम असा लावते. शाळेत किंवा ग्राउंड क्लासमध्ये पंखा, नळ्या आणि दोरा, तुमच्या तीन कृतींसह. मग संगणकाचं चित्र, आणि सोबत हे प्रामाणिकपणे सांगणं की सुटलेल्या प्रवाहात या चित्रावर किती विश्वास ठेवायचा. मग परवानगी घेऊन दोरे लावलेल्या खऱ्या विमानाची, शेपटावरच्या कॅमेऱ्यातून घेतलेली फिल्म, हॉर्नच्या आवाजासह. आणि मग हवेत. सरळ उड्डाणातला स्टॉल, वळणातला स्टॉल, पॉवर असताना, नसताना.

मामाजी : आपला मतभेद मिटला म्हणायचा?

भाची : नाही. तुम्ही अजूनही म्हणाल की पाहिल्याशिवाय कळत नाही. मी म्हणेन, केल्याशिवाय कळलेलं टिकत नाही. वेळ आणि पैसा अपुरा असेल, आणि तो नेहमीच असतो, तर मी एक तास फिल्मपेक्षा एक तास उड्डाण मागेन.

मामाजी : आणि मी म्हणेन की तो उड्डाणाचा तास न पाहता घालवलास तर अर्धाच वसूल झाला. लाखनीतल्या शाळेत पंखा आणि लोकर यांना खर्च येत नाही. तिथल्या शंभरातल्या नव्याण्णव मुली वैमानिक होणार नाहीत, पण आकडा आणि त्यामागची वस्तू वेगळी असते, हे त्या सगळ्यांना कळेल.

भाची : ते मी मागेन तुमच्याकडून. आणि मी इन्स्ट्रक्टर झाले की एक गोष्ट करेन. पहिल्या स्टॉलच्या धड्यात, नजर क्षितिजावर ठेवून काठी मागे घेत असताना, हॉर्न वाजला की विद्यार्थिनीला विचारेन : सांग, आत्ता दोरे कुठवर उलटले? मुळाशी, की अर्ध्या पंखापर्यंत? डावीकडे जास्त की उजवीकडे? तिला ते न पाहता सांगता यायला हवं.

मामाजी : आणि सांगेपर्यंत विमान पडलं तर?

भाची : म्हणूनच ते उत्तर मी तोंडी घेणार नाही, मामाजी. प्रश्न माझ्या तोंडून पूर्ण होण्याआधी तिची काठी पुढे गेली पाहिजे. ती गेली, की मी समजेन तिला दोरे दिसले.